वाङ्मयचौर्यविषयक विद्यार्थ्यांच्या धारणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
'दहा टक्क्यांच्या आत असले की चालते' आणि 'शब्द बदलले की चोरी होत नाही', या दोन समजुती विद्यापीठीय विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतात. त्यांची कारणे केवळ विद्यार्थ्यांच्या अप्रामाणिकपणात शोधणे अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या संदर्भात या धारणांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

परंपरेतील विवेक :
वाङ्मयचौर्य ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असे मानले जाते. परंतु दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात 'हरण' या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. शब्दहरणाचे त्याने पाच प्रकार सांगितले. अर्थ तोच ठेवून केवळ वाक्यरचना बदललेल्या काव्यास 'प्रतिबिंबकल्प' म्हणून त्याने त्याज्य ठरविले. म्हणजे 'शब्द बदलले की चोरी नाही' या समजुतीचे खंडन हजार वर्षांपूर्वीच झालेले आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण येथील संत एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. या ग्रंथात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असा इशारा त्यांनी दिला. येथे प्रश्न उलट बाजूचा आहे. आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपविण्याचा आहे. तथापि कोणता शब्द कोणाचा, हे स्पष्ट राहिले पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

आधुनिक शिक्षण आणि टिपणांची परंपरा :
१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले, तर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, असे विद्यार्थी उच्च शिक्षणात आले. मराठी संदर्भग्रंथ मोजके आणि इंग्रजी परकी, अशा स्थितीत प्राध्यापकांनी उतरवून दिलेली टिपणे व बाजारातील गाईड हाच त्यांचा आधार ठरला. टिपण जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरविणारा विद्यार्थी हुशार गणला गेला. स्रोत सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणी केली नाही. पदवीपर्यंत जो गुण मानला गेला, तोच संशोधनाच्या पायरीवर गुन्हा ठरतो. विद्यार्थ्यांच्या संभ्रमाचे मूळ येथे आहे.

२०१८ चे विनियम :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियम लागू केले. त्यानुसार शोधप्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्यास एक वर्ष प्रतिबंध असतो आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्यास नोंदणी रद्द होते. मात्र स्वाध्याय, प्रकल्प अहवाल व उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत. ज्या लेखनात सवय घडते, तेच नियमाबाहेर राहते. शिवाय शब्दसाम्य मोजणाऱ्या संगणकीय तपासणीतून इंग्रजी ग्रंथाचे ऋणनिर्देशाविना केलेले मराठी भाषांतर निसटू शकते. परिणामी विद्यार्थ्याचे लक्ष ऋण मान्य करण्याऐवजी आकडा कमी करण्याकडे वळते.

निष्कर्ष :
डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा ३० तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी तोवर विद्यार्थ्याची लेखनाची सवय पक्की झालेली असते. संदर्भ देण्याचे शिक्षण पदवीच्या प्रथम वर्षापासूनच द्यावयास हवे. त्याची सुरुवात प्राध्यापकांच्या टिपणांपासून व्हावी. वर्गात दिलेल्या टिपणाखाली मूळ ग्रंथाचे व ग्रंथकाराचे नाव नसेल, तर ते नाव विद्यार्थ्याच्या प्रबंधात असावे, अशी अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावयाची, हा प्रश्न अध्यापकवर्गाने प्रथम स्वतःला विचारणे आवश्यक आहे.