खनिज आफ्रिकेचं, पण करार कोणाच्या फायद्याचा? सरकारांना वकील आणि करतज्ज्ञ पुरवणाऱ्या व्यवस्थेची गोष्ट

१०० रुपयांचं तांबं जमिनीतून काढलं की सरकारच्या हातात रॉयल्टी पडायची फक्त ६० पैसे. झांबिया या देशात २००० सालच्या आसपास हाच हिशोब चालू होता. रॉयल्टीचा दर होता ०.६ टक्के.

झांबिया हा जगातल्या मोठ्या तांबे उत्पादक देशांपैकी एक. आधी खाणी सरकारी होत्या. १९७० च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले, कर्ज वाढत गेलं आणि शेवटी १९९७ ते २००० या काळात सरकारने या खाणी तुकड्या-तुकड्यांनी खासगी कंपन्यांना विकल्या. विकताना प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र 'विकास करार' झाला. त्यात करसवलती होत्या आणि शिवाय एक खास कलम होतं, ते म्हणजे पुढची १५-२० वर्षं सरकारने करांचे नियम बदलायचे नाहीत. हे करार जनतेसाठी खुलेही नव्हते.

गंमत म्हणजे तेव्हाही सरकारच्या बाजूला तज्ज्ञ होतेच. तांब्याचे भाव आता वर जाणार नाहीत, खाणी लवकर विकून मोकळे व्हा, असा सल्ला बाहेरच्या सल्लागारांनी दिल्याचं त्या काळच्या अर्थमंत्र्यांनी नंतर सांगितलं. प्रत्यक्षात २००२ च्या सुमारास टनाला १,५०० डॉलरच्या आसपास असलेलं तांबं २००६ मध्ये सरासरी ६,७०० डॉलरवर गेलं. वाढलेल्या भावातला मोठा वाटा कंपन्यांकडे गेला, कारण करार तसेच लिहिले होते. २००८ मध्ये झांबियाने कायदा करून हे विकास करार मोडीत काढले आणि रॉयल्टी ३ टक्के केली. त्याच वेळी भाव चढे असताना लागू होणारा जादा करही आणला, पण जागतिक मंदीनंतर २००९ मध्ये तो मागे घेतला.

खनिज उद्योगाच्या कारभारात सरकारांना तज्ज्ञांची मदत का लागते, हे समजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. आणि नुसता तज्ज्ञ मिळाला म्हणून काम भागत नाही, हेही त्यातच दिसतं.

टेबलाच्या दोन बाजू

खाणीचा करार म्हणजे शेकडो पानांचा दस्तऐवज. रॉयल्टी किती, कर किती, नुकसान किती वर्षं पुढे ओढता येईल, वाद झाला तर खटला कुठल्या देशात चालेल, खाण बंद झाल्यावर खड्डे कोण बुजवणार, हे सगळं त्यात असतं. कंपनीच्या बाजूने हे करार रोज करणारे वकील, भूगर्भतज्ज्ञ आणि हिशोबनीस बसतात. सरकारच्या बाजूने बऱ्याचदा खाण मंत्रालयातले मोजके अधिकारी असतात, ज्यांच्या अख्ख्या नोकरीत असा मोठा करार एखाद-दुसऱ्यांदाच समोर येतो. शिवाय जमिनीखाली नेमका किती माल आहे, याची माहिती सरकारपेक्षा कंपनीकडेच जास्त असते. किंमत माहीत नसताना सौदा करायला बसल्यासारखंच हे.

ही दरी भरून काढण्यासाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही संस्था उभ्या राहिल्या. त्यातली महत्त्वाची म्हणजे 'आफ्रिकन लीगल सपोर्ट फॅसिलिटी'. तिचं मूळ मात्र खाणीत नाही, कर्जात आहे.

झांबियाने १९७९ मध्ये शेतीच्या यंत्रसामग्रीसाठी रोमानियाकडून कर्ज घेतलं होतं. ते थकलं. १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने रोमानियाकडून हे थकलेलं कर्ज ३३ लाख डॉलरच्या आसपास रकमेला विकत घेतलं आणि पुढे झांबियाकडे थेट ५.५ कोटी डॉलर मागितले. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. २००७ मध्ये कोर्टाने पूर्ण रक्कम मान्य केली नाही, तरी सुमारे १.५ कोटी डॉलर द्यावे लागतील असा निकाल दिला. अशा कंपन्यांना 'गिधाड फंड' म्हणतात. गरीब देशांना निदान चांगला वकील तरी मिळावा, अशी मागणी आफ्रिकेतले अर्थमंत्री आधीपासून करत होते. त्यातून २००८ मध्ये आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली. २०१० पासून तिचं काम सुरू झालं. मुख्यालय आयव्हरी कोस्टमधल्या अबिजान शहरात आहे.

कर्जाच्या खटल्यांबरोबर लवकरच खाण, तेल आणि वीज प्रकल्पांचे करार हेही तिचं मोठं काम झालं. पद्धत साधी आहे. एखाद्या सरकारला करार करायचा किंवा जुना करार पुन्हा चर्चेला घ्यायचा असेल, तर ही संस्था त्याच्यासाठी नामांकित वकील नेमते आणि फीचा भार उचलते. सोबत स्थानिक वकील आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षणही देते, म्हणजे पुढच्या वेळी बाहेरचा माणूस बोलवावा लागू नये. २०१४ मध्ये जी-७ देशांनीही अशाच गुंतागुंतीच्या वाटाघाटींसाठी 'कनेक्स' नावाचा उपक्रम सुरू केला.

मेहुण्याला विकलेला कांदा

करार चांगला झाला तरी पैसा गळायचे रस्ते असतातच. सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे 'ट्रान्सफर प्रायसिंग'.

समजा, एखाद्याने आपला कांदा लासलगावच्या बाजारात न नेता मेहुण्याच्या कंपनीला बाजारभावापेक्षा बराच स्वस्त विकला. कागदावर त्याला नफा झालाच नाही. मेहुण्याने तोच कांदा पुढे पूर्ण भावाने विकला, आणि मेहुण्याच्या गावात कर जवळजवळ नाहीच. कुटुंबाचा एकूण नफा तेवढाच राहिला, फक्त ज्या गावात कांदा पिकला तिथला कर बुडाला. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाबतीत मेहुण्याच्या जागी दुसऱ्या देशातली मूळ कंपनी किंवा भगिनी कंपनी असते.

झांबियातली मोपानी कॉपर माइन्स ही कंपनी तेव्हा स्वित्झर्लंडच्या ग्लेनकोर समूहाच्या ताब्यात होती आणि आपलं तांबं ग्लेनकोरलाच विकत होती. झांबियाच्या कर विभागाने नॉर्वे सरकारच्या पैशातून बाहेरचे लेखापरीक्षक आणून कंपनीचे हिशोब तपासले. २०११ मध्ये तो अहवाल फुटला आणि खळबळ माजली. मूळ कंपनीला विकलेल्या तांब्याचा भाव इतरांना विकलेल्या तांब्यापेक्षा कमी होता, असं कर विभागाचं म्हणणं. कंपनीने हे आरोप फेटाळले. खटला वरच्या कोर्टांत चढत गेला आणि मे २०२० मध्ये झांबियाच्या सुप्रीम कोर्टाने कर विभागाच्या बाजूने निकाल दिला. २००६ ते २००९ या वर्षांचा सुमारे २४ कोटी क्वाचा, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास १.३ कोटी डॉलर कर भरायचा होता. इतक्या मोठ्या खाणीच्या मानाने रक्कम फार नाही. पण निकालाचं वजन वेगळं होतं. आफ्रिकेतल्या एका कर विभागाने अशी लढाई शेवटपर्यंत नेऊन जिंकली होती.

हेच काम जास्त देशांत व्हावं म्हणून २०१५ मध्ये 'टॅक्स इन्स्पेक्टर्स विदाउट बॉर्डर्स' हा उपक्रम सुरू झाला. ओईसीडी आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम तो मिळून चालवतात. यात अनुभवी करतपासनीस दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी बसतो आणि प्रत्यक्ष चालू असलेली फाइल तपासायला मदत करतो. भारतीय आयकर खात्याचे अधिकारीही यात आहेत. इस्वातिनी या आफ्रिकेतल्या छोट्या देशाला आणि भूतानला भारताने अशी मदत दिली आहे.

बोट्स्वानाने काय वेगळं केलं?

या विषयावर बोलताना बोट्स्वानाचं नाव येतंच, आणि ते योग्यही आहे.

१९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा हा जगातल्या सर्वात गरीब देशांपैकी एक होता. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी १९६७ मध्ये कायदा करून जमिनीखालच्या खनिजांवरचे हक्क जमातींकडून देशाकडे घेतले. त्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. ओरापा खामांच्या स्वतःच्या जमातीच्या प्रदेशात होतं, म्हणजे या कायद्याने पहिलं नुकसान त्यांच्याच लोकांचं होणार होतं. प्रत्येक जमातीने आपापल्या खाणीवर हक्क सांगितला असता तर पुढचं सगळं अवघड झालं असतं.

डी बीअर्सबरोबरच्या कंपनीत सुरुवातीला सरकारचा वाटा फक्त १५ टक्के होता. पुढच्या खाणींसाठी डी बीअर्सला परवानगी हवी होती, तेव्हा सरकारने जुना करार पुन्हा टेबलावर आणला आणि १९७५ मध्ये वाटा ५० टक्क्यांवर नेला. देशात पदवीधर बोटांवर मोजण्याइतके असताना हे कसं जमलं? सरकारने बाहेरचे वकील आणि अर्थतज्ज्ञ पगारावर ठेवले, पण काय मागायचं हे मंत्री आणि सचिवांनी ठरवलं. क्वेट मासिरे आधी अर्थमंत्री होते आणि १९८० पासून राष्ट्राध्यक्ष, त्यामुळे वाटाघाटींची आठवण एकाच फळीत टिकून राहिली. झांबियात तज्ज्ञ आले, सल्ला दिला आणि गेले. इथे ते सरकारच्या हाताखाली राबले. कर, रॉयल्टी आणि लाभांश मिळून डेब्स्वाना या संयुक्त कंपनीच्या नफ्यातला सुमारे ८० टक्के भाग आज सरकारकडे येतो. १९९४ मध्ये हिऱ्यांच्या पैशातून 'पुला फंड' काढला, पुढच्या पिढ्यांसाठी.

(बाहेरचा तज्ज्ञ ही फक्त गरीब देशांची गरज आहे असं नाही. नॉर्वेच्या तेल धोरणाच्या जडणघडणीत फारुक अल-कासिम या इराकी भूगर्भतज्ज्ञाचा मोठा हात होता. १९६८ मध्ये ते कौटुंबिक कारणाने तिकडे गेले आणि थेट मंत्रालयात जाऊन कामाची चौकशी केली.)

पुला फंडाची कल्पना ऐकून गोव्याची आठवण येणं साहजिक आहे. २०१२ मध्ये गोव्यातलं लोहखनिजाचं काम थांबलं. २०१४ मध्ये गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने लोहखनिज विक्रीच्या रकमेतला १० टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायचा आदेश दिला. योगायोग असा की गोव्यातल्या सेसा गोवाची मालक असलेली वेदांत कंपनीच झांबियातल्या कोंकोला तांबे खाणींची मोठी भागधारक आहे. २०१९ मध्ये झांबिया सरकारने त्या खाणींवर हंगामी अवसायक बसवला होता. मोठ्या वादानंतर त्या पुन्हा वेदांतकडे आल्या.

तज्ज्ञ चुकले तर?

टांझानियात २०१७ मध्ये सरकारने सोनं-तांब्याच्या कच्च्या मालाची निर्यात थांबवली आणि बंदरावर अडकलेल्या कंटेनरांची तपासणी करायला प्राध्यापकांच्या समित्या नेमल्या. कंपनी सांगते त्याच्या कितीतरी पट सोनं त्यात आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून अकेशिया कंपनीला दंड आणि व्याज धरून १९० अब्ज डॉलरची कर नोटीस गेली. हा आकडा टांझानियाच्या वर्षभराच्या अर्थव्यवस्थेपेक्षाही कितीतरी मोठा होता. शेवटी तडजोड झाली ३० कोटी डॉलरवर, आणि सरकारला खाणींमध्ये १६ टक्के वाटा मिळाला. वाटा मिळाला हे खरंच, पण समितीच्या आकड्यांवर बाहेर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. देशी तज्ज्ञही राजकारणाच्या दबावाखाली काम करतात, हे विसरून चालत नाही.

उलट बाजूची शंकाही रास्त आहे. मदतीचे पैसे बहुतेक वेळा त्याच श्रीमंत देशांतून येतात जिथे खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत. म्हणून आफ्रिकन युनियनने २००९ मध्ये 'आफ्रिका मायनिंग व्हिजन' मंजूर केलं आणि खंडाचं स्वतःचं खनिज विकास केंद्र असावं असं ठरवलं. गिनीची राजधानी कोनाक्री हे त्याचं ठिकाण ठरलं. मात्र त्याच्या सनदेला सदस्य देशांनी मान्यता द्यायला फार वेळ लावला.

रॉयल्टीच्या पलीकडे

पैशाची चर्चा जास्त होते, कारण तो मोजता येतो. झांबियातल्या काब्वे शहरात शिसं आणि जस्ताची खाण १९९४ मध्ये बंद झाली. बंद करताना सफाईची पुरेशी तरतूद नव्हती. शिशाचा कचरा तसाच राहिला आणि आजही तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडतं. जागतिक बँकेच्या मदतीचे सफाई प्रकल्प झाले, पण काम संपलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच देशात एका चिनी मालकीच्या तांबे कारखान्याचा सांडपाण्याचा बांध फुटला. आम्लयुक्त पाणी काफुए नदीत गेलं आणि किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. खाण सुरू होण्याआधीच बंद करण्याच्या खर्चाची ठेव घेणं, बांधांची तपासणी करणारे अभियंते सरकारकडे असणं, या गोष्टी करारात एका परिच्छेदात मावतात. त्या अमलात आणायला मात्र वर्षानुवर्षं माणसं लागतात.

दुसरा मुद्दा कच्चा माल तसाच बाहेर पाठवण्याचा. जगातला ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट कांगोमधून निघतो, बॅटऱ्या मात्र दुसरीकडे बनतात. २०२१ मध्ये ब्लूमबर्ग-एनईएफच्या अभ्यासात हिशोब मांडला गेला की बॅटरीसाठी लागणारं मधलं रसायन बनवणारा १० हजार टनांचा कारखाना कांगोत ३.९ कोटी डॉलरमध्ये उभा राहील, अमेरिकेत याच्या साधारण तिप्पट खर्च येईल. २०२२ मध्ये कांगो आणि झांबियाने त्यावर एकत्र काम करायचा करार केला. झिम्बाब्वेने त्याच वर्षी कच्च्या लिथियमची निर्यात बंद केली.

बोट्स्वानाचंही सगळं आलबेल नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डी बीअर्सशी नवा करार झाला. त्यानुसार सरकारी कंपनीला विक्रीसाठी मिळणारा हिऱ्यांचा वाटा ३० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जाईल. पण हा करार होत असतानाच बाजारात खाणीतल्या हिऱ्यांची मागणी घटली होती आणि सरकारची तिजोरी अडचणीत आली होती. त्याचं एक मोठं कारण म्हणजे प्रयोगशाळेत बनणारे स्वस्त हिरे, आणि त्यातले बरेचसे तयार होतात आपल्या शेजारी, सुरतमध्ये.