वापरलेली वेगवान हॅचबॅक : ब्रेकची पारख आणि सुधारणा

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादनगर सपाट मैदानावर, रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग 53 वर वसले आहे. येथे वापरलेली मोटार घेणारा ग्राहक सहसा जी. ई. रोडवर चार-पाच किलोमीटर फेरी मारतो, ब्रेक लागतो एवढे पाहतो आणि व्यवहार पक्का करतो. हीच गाडी पुढे बस्तरकडे निघाली की कांकेर आणि कोंडागावच्या दरम्यान केशकालचा घाट लागतो. जबलपूरच्या वाटेवर कवर्ध्यापुढे चिल्पीचा. उतारावरील सलग वळणांत ब्रेक तापतात आणि सपाटीवर न दिसलेला दोष तेथे उघडा पडतो.

वेगवान हॅचबॅक अर्थात ‘हॉट हॅच’ गाड्यांबाबत ही बाब अधिक गंभीर ठरते. लहान बांधा आणि ताकदवान इंजिन असे या गाड्यांचे स्वरूप असते. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (2013), रांजणगावची 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो (2015) आणि मारुती सुझुकीची बलेनो आरएस (2017) ही त्यांची भारतातील परिचित उदाहरणे. तिन्हींचे उत्पादन थांबले असून त्या आता वापरलेल्या स्थितीतच मिळतात. अबार्थ आणि बलेनो आरएसला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, तर पोलोला मागे ड्रम. अशी गाडी आधीच्या मालकाने संथपणे चालवली असेल, असे गृहीत धरता येत नाही.

वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. चालकासह 1200 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे 460 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेत जवळपास दीड लिटर पाणी उकळीला येईल. यातील मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो.

उभ्या गाडीची तपासणी

इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक होते. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे असे समजावे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडर सदोष असण्याची किंवा कोठेतरी गळती असण्याची शक्यता असते. स्पंजासारखे लागणारे पेडल नळ्यांत हवा असल्याचे लक्षण मानले जाते. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. ती मोजण्यासाठी चाक काढावेच लागते. विक्रेता चाक काढू देत नसेल तर गाडी सोडून द्यावी, हे उत्तम. पावसाळ्यात डिस्कवर दिसणारा पातळ गंज मात्र काही वेळा ब्रेक लावताच निघून जातो, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

चालत्या गाडीत पेडल थरथरत असेल तर डिस्कची जाडी असमान झालेली असू शकते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अडकलेल्या कॅलिपरची शंका घ्यावी. एबीएसचा दिवा चावी फिरवताच लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर दोष लपवण्यासाठी तो काढून टाकलेला असू शकतो.

ब्रेक ऑइलचा प्रश्न

सर्वांत दुर्लक्षित भाग ब्रेक ऑइलचा. डॉट 4 दर्जाचे तेल हवेतील ओलावा शोषते. मानकानुसार नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा केवळ 155 अंश आहे. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये असे तेल उकळले की वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावरच्या फेरीत याचा मागमूसही लागत नाही. तेल दर दोन वर्षांनी बदलणे हिताचे. बिल दाखवता येत नसेल तर ते बदललेले नाही असेच समजावे.

सुधारणा कोठून करावी

जोरात ब्रेक लावल्यावर एबीएस कार्यान्वित होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. मर्यादा टायरच्या पकडीची आहे. अशा गाडीला मोठ्या डिस्क लावूनही ती एका थांब्यात फारशी लवकर थांबणार नाही. म्हणून आधी चांगले टायर, नवे तेल आणि खात्रीच्या दुकानातील दर्जेदार पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड थंड असताना कमी पकडतात, त्यामुळे सुपेला चौकातील गर्दीत ते उलट धोक्याचे ठरतात. पोलोच्या मागील ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याचा मोह अनेकांना होतो. पण पुढच्या व मागच्या ब्रेकचा समतोल कंपनीने ड्रम गृहीत धरून बसवलेला असतो.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच अधोरेखित केले. पॅड किंवा तेल बदलणे ही देखभाल झाली; मोठ्या डिस्क व कॅलिपर बसवण्यापूर्वी मात्र परिवहन कार्यालय आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 किलोमीटरपर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने ब्रेक लावावा आणि नंतर गाडी थोडा वेळ ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात.