संगणकीय ‘एजंट’ आणि त्याच्या साधनांचे माहितीपत्रक

कचेरीत नव्याने रुजू झालेला कारकून अडला, की शेजारच्या टेबलावर विचारतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘एजंट’ला सहसा अशी सोय नसते. त्याच्या हाती दिलेल्या साधनांसोबत जो मजकूर लिहिलेला असतो, तोच त्याचा मुख्य आधार होय. त्यामुळे हा मजकूर नीट लिहिणे हे आता कामाचेच एक अंग ठरले आहे.

एजंट म्हणजे काय?

नेहमीच्या स्वयंचलनात पायऱ्या आधीच ठरलेल्या असतात. ई-मेल आला, की जोडलेली फाइल साठवावी, नोंद करावी, पोच पाठवावी. २०११ मध्ये सुरू झालेली ‘झॅपियर’ आणि २०१९ मध्ये बर्लिन येथे सुरू झालेली ‘एन-एट-एन’ या सेवा अशा साखळ्या जोडण्यासाठी ओळखल्या जातात. एजंट मात्र सांगितलेले काम पाहून पुढची पायरी स्वतः निवडतो. कोणते साधन केव्हा वापरावे आणि त्यात कोणती माहिती भरावी, हे तो साधनाचे नाव व वर्णन वाचून ठरवतो.

एका वाक्याची किंमत

छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव भागातील एक पुरवठादार वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना सुटे भाग देतो आणि बिले तयार करण्याचे काम त्याने एजंटवर सोपवले आहे, असे समजावे. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यावसायिकांना इतर व्यावसायिकांना केलेल्या विक्रीसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद झाली, की त्याला ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक मिळतो. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तो तयार होतो. त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवल्यास पोर्टल ते नाकारते.

आता नोंद झाली, पण उत्तर येण्यापूर्वीच इंटरनेट खंडित झाले, तर काय होईल? ‘उत्तर न आल्यास प्रथम त्याच क्रमांकाचे बिल नोंदले गेले आहे का, ते तपासावे, नवा क्रमांक घेऊ नये’ हे वाक्य माहितीपत्रकात नसेल, तर एजंट नव्या क्रमांकाने दुसरे बिल काढू शकतो. पोर्टलच्या दृष्टीने ते स्वतंत्र बिल असते. पोर्टलवर ते रद्द करण्यास केवळ २४ तासांची मुदत आहे. त्यानंतर क्रेडिट नोट अथवा विवरणपत्रातील दुरुस्ती यांचाच मार्ग उरतो.

माहितीपत्रकात काय असावे?

साधन कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे प्रथम लिहावे. प्रत्येक रकान्यात काय भरायचे, ते नमुन्यासह द्यावे. तारखेचा क्रम, रक्कम करासह की करावाचून, अशा बाबी गृहीत धरू नयेत. साधन केवळ माहिती वाचते की नोंदी बदलते, तीच क्रिया दोनदा झाल्यास काय होते आणि केलेले काम मागे घेता येते का, याचा स्पष्ट उल्लेख हवा. चुकीच्या प्रत्येक संदेशापुढे उपाय लिहावा. कोणत्या पायरीवर थांबून माणसाची संमती घ्यायची, हेही नोंदवावे. मात्र पैसे देणे किंवा नोंद पुसणे यांसारख्या क्रियांवरील बंधन केवळ शब्दांत न ठेवता प्रणालीतच घालणे श्रेयस्कर.

प्रमाणित पद्धती

संगणकीय सेवांचे वर्णन लिहिण्यासाठी ‘ओपन-एपीआय’ ही पद्धती पूर्वीपासून रूढ आहे. एजंटला साधने जोडण्यासाठी ‘अँथ्रॉपिक’ कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला. डिसेंबर २०२५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवण्यात आला. यात प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला लागणाऱ्या माहितीचा आराखडा दिलेला असतो. साधन केवळ वाचणारे आहे की हानिकारक बदल करू शकते, अशा खुणाही करता येतात. मात्र या खुणा अनोळखी ठिकाणाहून आल्यास त्यांवर विसंबू नये, असे या पद्धतीतच बजावले आहे.

इशारा अनाठायी नाही. वर्णनातच छुपा आदेश पेरून एजंटकडून खासगी माहिती काढून घेता येते, हे सुरक्षा संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे बाहेरून घेतलेल्या साधनाचे वर्णन वापरण्यापूर्वी माणसाने वाचणे आवश्यक ठरते.

नियम बदलला, की माहितीपत्रकही त्याच दिवशी बदलावे, त्यावर दिनांक घालावा आणि ते जुन्या बिलांवर चालवून पाहावे. ही जबाबदारी कोणा एकाच्या नावे असणे इष्ट. बिलावरील जीएसटी क्रमांक पुरवठादाराचा असतो, एजंटचा नव्हे. चूक झाल्यास कर खात्याला उत्तर त्यालाच द्यावे लागते.