दुसऱ्या महायुद्धाचं ‘वळण’ कल्याणहून कसं दिसतं?

पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना दुसऱ्या महायुद्धातल्या निर्णायक लढायांची यादी आपण सगळेच पाठ करतो. मिडवे (जून 1942), एल अलामेन (ऑक्टोबर-नोव्हेंबर 1942), स्टालिनग्राड (फेब्रुवारी 1943 मध्ये संपली), नॉर्मंडी (जून 1944). यादी चुकीची नाही. पण संशोधन करायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. लढाई ही घटना असते. तिला ‘निर्णायक वळण’ म्हणणं हा इतिहासकाराने केलेला दावा असतो, आणि दावा म्हटला की तो तपासावा लागतो. कसा तपासायचा, ते आज आपल्या कल्याण परिसरापासून सुरुवात करून पाहू. तीन प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न, तुम्ही कुठून बघताय?

मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या आणि पॅसिफिकमधली त्यांची घोडदौड थांबली. अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर वळण हेच. भारतातून पाहिलं तर मात्र वळण त्याआधीच येऊन गेलं होतं, आणि तेही उलट्या दिशेने. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, 8 मार्चला रंगून. 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. तोपर्यंत भारत मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या आघाड्यांना सैन्य आणि सामान पुरवत होता. आता युद्ध दाराशी आलं. बंगालच्या उपसागरातून जहाजं नेणं धोक्याचं झालं आणि मुंबईसारख्या पश्चिमेकडच्या बंदरांवरचा भार वाढला.

आता नकाशावर कल्याण शोधा. मुंबईपासून रेल्वेने सुमारे 54 किलोमीटर. इथेच मार्ग फुटतो, एक कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. युद्धकाळात कल्याणजवळ लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. 6 हजार सैनिक आणि इतर 30 हजार माणसं राहतील एवढा. जवळच नेवाळीला शेतजमिनी घेऊन विमानांची धावपट्टी झाली.

इथे एक सावधगिरी. कॅम्प ‘रंगूननंतर’ उभा राहिला, असं दिसलं तरी तो ‘रंगूनमुळे’ उभा राहिला, असं लगेच लिहू नका. मागोमाग येणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. ते जोडायला कागद लागतो. जमीन ताब्यात घेतल्याचे आदेश, बांधकामाच्या फायली, रेल्वेचा पत्रव्यवहार. मुंबईच्या पुराभिलेखागारात जाल तेव्हा लढाईचं नाव न शोधता असे आदेश शोधा.

दुसरा प्रश्न, हे वळण कुणी आणि कधी ठरवलं?

यासाठी पिछाडी सोडून आघाडीवर जाऊ. मार्च 1944 मध्ये जपानी फौजा मणिपूरमध्ये घुसल्या. सांगशाक या छोट्या गावी 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने त्यांना अडवलं. या ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही लढत होती. पाणी कमी, तारेचं कुंपण नाही, माणसं धडाधड पडतायत. 26 मार्चच्या रात्री माघारीचा आदेश आला. त्या आठवड्याचा अहवाल वाचला तर हा सरळ पराभव आहे. पण या झुंजीत कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकडीचे काही दिवस गेले आणि कोहिमाला तयारीला तेवढा वेळ मिळाला. 4 एप्रिलला कोहिमाची लढाई सुरू झाली, जुलैपर्यंत जपानी फौजा मागे हटल्या. सांगशाकचं मोल नंतर कळलं. म्हणून एखाद्या लढाईबद्दल लिहिताना त्याच आठवड्यातला कागद आणि वीस वर्षांनी लिहिलेलं पुस्तक शेजारी-शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत फरक दिसला की समजा, तुमचा संशोधनप्रश्न तिथेच आहे.

तिसरा प्रश्न, हे वळण कुणासाठी संपलं?

1945 ला युद्ध संपलं आणि कल्याणचा लष्करी कॅम्प रिकामा झाला. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांनी संसार मांडले. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असाच सांगतात.

नेवाळीची गोष्ट वेगळी. जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत द्या, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. जमीन संरक्षण खात्याची आहे, असं सरकारचं. 22 जून 2017 ला नौदलाच्या कुंपणभिंतीवरून आंदोलन पेटलं. जाळपोळ झाली, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. म्हणजे 1942-43 च्या एका लष्करी निर्णयाचा हिशेब पंचाहत्तर वर्षांनीही मिटलेला नव्हता. लष्करी इतिहासाचं एकही पुस्तक नेवाळीला निर्णायक म्हणणार नाही. पण ज्याच्या सातबाऱ्यावरचं नाव गेलं, त्याच्या घराला वळण तिथेच लागलं.

याचा अर्थ स्टालिनग्राड आणि नेवाळी सारखेच, असा अजिबात नाही. स्टालिनग्राडने युद्धाचा निकाल बदलला, नेवाळीने नाही. फक्त आपण कोणत्या पातळीवरचं वळण म्हणतोय, हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच स्पष्ट लिहायला हवं. नाहीतर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल, ‘निर्णायक कुणासाठी?’

सिनॉप्सिस लिहायला घेण्याआधी एक काम करा. आपल्या विषयातली एक लढाई निवडा आणि हे तीन प्रश्न एका पानावर सोडवा. विषय आपल्याच भागातला असेल तर आणखी एक सांगतो. पुराभिलेखागारातले कागद पुढच्या वर्षीही मिळतील. पण ती जमीन गेली तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या पुढे आहे. त्यामुळे आधी त्या गावी जा, फायली नंतर उघडा.