ईदचा जोडा आणि घरची सुई

ईद आणि नवा जोडा यांचे नाते आपल्या समाजात इतके घट्ट आहे की तो जोडा कोणी शिवला आणि कशाचा शिवला, हे आपण सहसा विचारत नाही. धर्माने नवा कपडा सक्तीचा केलेला नाही. आंघोळ, अत्तर आणि आपल्याजवळ असेल त्यातला चांगला कपडा, एवढीच अपेक्षा आहे. तरीही ईदसाठी खास पोशाख ही रीत जुनी आहे. बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग आहे. हजरत उमर (रजि.) यांना बाजारात एक रेशमी झगा दिसला. ईदला आणि पाहुण्या शिष्टमंडळांना भेटताना वापरण्यासाठी तो घ्यावा, असे त्यांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना सुचवले. पैगंबरांनी तो नाकारला, पण कारण होते रेशीम. ईदसाठी वेगळा पोशाख असावा, या कल्पनेला त्यांनी हरकत घेतली नाही.

पुरुषांना रेशीम वर्ज्य झाले तेव्हा सणासुदीला घालायला सुती आणि तागाचे उंची कापड उरले. इथे ताग म्हणजे आपल्या पोत्याचा ताग नव्हे. जवसाच्या, म्हणजे अळशीच्या झाडाच्या देठातून जो धागा निघतो त्याचे कापड अरबीत ‘कत्तान’ म्हटले जाते. आज दुकानदार त्यालाच लिनन म्हणतात. इजिप्तमधील तिन्नीस आणि दमिएत्ता ही गावे या कापडासाठी नावाजलेली होती. काबागृहावर चढवण्यासाठीही एके काळी इजिप्तचे कापड जात असे. ते झिजले की चिंध्याही वाया जात नसत. मुस्लिम जगात कागद बनू लागला तो मुख्यतः अशाच जुन्या तागाच्या चिंध्यांपासून. म्हणजे कालचा अंगरखा उद्याचे पुस्तक होत असे.

कत्तानची आणखी एक आठवण हदीसमध्ये आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी एकदा गेरूने रंगवलेले दोन कत्तानी कपडे घातले होते. त्यातल्याच एकाला त्यांनी नाक पुसले आणि स्वतःवरच हसून म्हणाले, वाहवा, अबू हुरैरा आता कत्तानने नाक पुसतो! मग त्यांनी ते दिवस सांगितले, जेव्हा ते भुकेने मस्जिदीत बेशुद्ध पडत आणि लोकांना वाटे की वेड लागले आहे. ज्याने उपास काढले आहेत, त्याला नव्या कपड्याची किंमत ठाऊक असते. ईदच्या जोड्याकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो.

हिंदुस्थानात आलेल्या मुसलमानांनी रेशमाच्या प्रश्नाला आपली वाट काढली. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असे कापड विणले गेले. वरून रेशमाची चमक दिसते, पण अंगाला सूत लागते. त्याचे नावच ‘मशरू’, म्हणजे शरीयतला मान्य असलेले. आपल्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मशरू आणि हिमरूची कीर्ती यातूनच झाली. पुढे १८५७ नंतरच्या काळात पूर्व उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरले. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी आणि मुंबईचे मदनपुरा इथे त्यांनी माग मांडले.

शिवणकामाची भाषा ही आपल्या सहजीवनाची साक्ष आहे. सुई, शिवणे आणि सूत हे शब्द संस्कृतच्या घरचे. दर्जी फारसी, कारण ‘दर्ज’ म्हणजे शिवण. अस्तर, गज, पायजमा फारसीतून आले, इजार अरबीतून, कैची तुर्कीतून. मराठी शिंपी हे सारे शब्द रोज वापरतो आणि त्यांची जात-जमात विचारत नाही. संत नामदेव शिंपी समाजाचे होते. मुसलमान परंपरेत पहिली सुई हाती धरण्याचा मान हजरत इद्रीस (अलै.) यांना दिला जातो. पैगंबर स्वतः आपले कपडे शिवत आणि चपला सांधत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे घरची शिलाई हे फक्त बाईचे काम आहे, या समजुतीला धर्मात आधार नाही.

आपल्या शहरात कापडाचा प्रश्न एकदा थेट राजकारणात आला. ३१ जुलै १९२१ रोजी परळला विदेशी कापडाची मोठी होळी झाली. जागा होती उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात. खिलाफत आणि असहकाराचे ते दिवस होते. अली बंधूंच्या आई बी अम्मा उतारवयात गावोगाव फिरून खादीचा प्रचार करत होत्या. महात्मा गांधी यंत्रांवर टीका करत, पण १९२४ साली त्यांनी एका यंत्राला अपवाद ठरवले आणि ते होते शिलाई मशीन. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास थोडा वेगळा आहे. एलियस हाऊने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतले आणि दोघांत खटलाही झाला. पण गांधीजींना जे म्हणायचे होते ते खरेच होते. हे यंत्र घरात मावते आणि घरच्या माणसाच्या हुकमात राहते.

म्हणूनच सिंगर आणि पुढे उषा ही मशीन आपल्या घरांत रुखवतात आली. ती तरुणपणीच विधवा झालेल्या बाईची भाकरी झाली. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत ती रात्री उशिरापर्यंत वाजत असे. एकाच ठाणातून बापाचा कुर्ता, मुलांचे सदरे आणि उरल्या तुकड्यांची टोपी निघत असे. जुन्या कुर्त्याची बेतणी पाहिली की आम्हाला नेहमी नवल वाटते. पुढचा-मागचा पाट, दोन बाह्या, बाजूच्या कळ्या आणि बगलेतला चौकोनी चौबगला, सगळे जवळजवळ सरळ रेषांत. कापड वाया जात नाही, चौबगल्यामुळे हात मोकळा राहतो आणि वारा खेळतो. उन्हाळ्यासाठी याहून शहाणी बेतणी सापडणे कठीण.

आणि ईद उन्हाळ्यात येतेच. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान ईद सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पूर्ण करते. १९८५ ते १९९० या वर्षांत ती उन्हाळ्यात होती. मग २०१८ साली १६ जूनला, २०२० साली २५ मेला, २०२२ साली ३ मेला आणि २०२३ साली २२ एप्रिलला आली. मुंबईच्या त्या दमट उकाड्यात चमकीचा पॉलिस्टर जोडा घालून नमाजला उभे राहिलेले लहान मूल पाहावे, म्हणजे लिनन आणि सुताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. लिनन घाम शोषते आणि लवकर वाळते. ते चुरगळते खरे, आणि धुतल्यावर आटतेही. म्हणून कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतावे लागते. ही अक्कल घरोघरच्या बायकांना होती.

आता साकीनाक्याकडे वळू. खैरानी रोडच्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत, गाळ्यांत आणि माळ्यांवर कपडे शिवण्याचे कारखाने आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्या संपाने गिरणगाव मोडले, पण कापडाचा धंदा या शहरातून गेला नाही. तो मोठ्या छपराखालून लहान गाळ्यांत विखुरला. १ जानेवारी २००५ पासून जागतिक कापड व्यापारातला कोटा संपला आणि भावाची चढाओढ वाढली. त्याचा भार शेवटी मशीनवर वाकलेल्या पाठीवरच पडला.

या गल्ल्यांतला कारागीर परक्या देशाच्या उन्हाळ्यासाठी सदरे शिवतो. त्याच्या घरची बाई नगावर पैसे घेऊन धागे कापते, बटणे लावते, काज करते. चाँदरात जवळ आली की काम दुप्पट होते. मग तिच्या स्वतःच्या लेकरांचा जोडा बाजारातून तयार येतो, बहुधा पॉलिस्टरचाच, कारण तो स्वस्त पडतो. जिच्या हातात कला आहे तिलाच ती आपल्या माणसांसाठी वापरायला उसंत नाही. घरी बसून मजुरी करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली करार केला. आपल्या देशाने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे चित्र थोडे दिवस पालटले. दुकाने बंद होती. ईदच्या खरेदीचा पैसा गरजूंना द्या, असे आवाहन समाजातूनच झाले. घराघरांत धूळ खात पडलेल्या मशीनी बाहेर आल्या. आधी त्यांवर मास्क शिवले गेले, मग जुन्या चादरी आणि ओढण्यांतून ईदचे कपडे. त्या ईदला कोणाचा जोडा महाग, हा प्रश्नच उरला नव्हता.

टाळेबंदी पुन्हा यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिने दाखवलेले विसरूही नये. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात भूमिती शिकवतो. कळी म्हणजे त्रिकोण, चौबगला म्हणजे चौरस, आणि बाहीचे माप म्हणजे अपूर्णांक, हे कापड हातात धरून शिकवले तर मुलांना लवकर कळेल. मुलींनाच नव्हे, मुलांनाही शिकवावे, कारण सुन्नत दोघांसाठी आहे. आमच्या विदर्भातला शेतकरी जवस पिकवतो तो तेलासाठी, आणि लिननचा धागा मात्र फ्रान्स-बेल्जियमच्या जवसाचा येतो, हेही त्यांना कळावे. आणि ईदच्या आधी नगावर काम करून घेणाऱ्याने त्या बाईची मजुरी चाँदरातीपूर्वी तिच्या हातावर ठेवावी. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. ती गाळ्यापर्यंत पोहोचली, तर तिलाही स्वतःच्या लेकरांसाठी मशीनवर बसायला एक रात्र मोकळी मिळेल.