तळटीप : सायलोतले फिरते पाते

मूळ मजकुरात ‘पाते अडले की भरणी थांबते’ एवढेच वाक्य आहे. त्यावरून मालाची पातळी सांगणारे हे साधन कालबाह्य असल्याचा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. सायलोच्या भिंतीतून आत आलेले हे पाते छोट्या मोटरवर मिनिटाला साधारण १ फेरा, इतक्या संथपणे फिरते. सिमेंट किंवा पीठ तिथवर चढले की पाते जागीच अडते. मग स्प्रिंग ताणून मोटरच थोडी वळते, मायक्रोस्विच दाबला जातो, इशारा मिळतो आणि मोटरचा वीजपुरवठाही तुटतो. माल उतरला की तीच स्प्रिंग मोटरला जागेवर आणते. या साधनाला फक्त मालाचा अडथळा कळतो, आणि माझ्या मते हेच त्याचे बळ. भरणीत उडणारी धूळ ध्वनिलहरींवर चालणाऱ्या साधनाच्या लहरी क्षीण करते. धान्यातला ओलावा वाढला की कपॅसिटन्सवर चालणाऱ्या साधनाचे गणित चुकते. पात्याचे या दोन्हींमुळे काही बिघडत नाही.

ते एकाच जागेची खबर देते, हा आक्षेप खरा आहे. माल सपाट बसत नाही, त्याचा शंकू होतो. म्हणून पाते भरणीच्या धारेपासून किती दूर बसवले याला फार महत्त्व. त्याहून गंभीर आक्षेप मोटरचा. ती जळाली तर स्प्रिंग ताणली जात नाही आणि सायलो ओसंडेपर्यंत स्विच ‘जागा आहे’ असेच सांगत राहतो. वरच्या पातळीसाठी म्हणूनच पाते खरोखर फिरते आहे का, हे स्वतंत्रपणे तपासणारा प्रकार घ्यावा लागतो.