योगक्षेम आणि भाकर : केडगावच्या मुक्तिसदनातील ईश्वरनिष्ठेचे स्वरूप

ईश्वर आपला निर्वाह चालवील, ही श्रद्धा बहुतेक सर्व धर्मांत आढळते. परंतु ती व्यक्त करणारे शब्द मात्र प्रत्येक परंपरेत वेगळे आहेत. संस्कृतात या कल्पनेसाठी ‘योगक्षेम’ हा शब्द रूढ झाला. जे नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले त्याचे रक्षण होणे हा क्षेम, असा त्याचा पारंपरिक अर्थ सांगितला जातो. गीतेच्या नवव्या अध्यायामुळे हा शब्द भक्तिमार्गात विशेष प्रतिष्ठा पावला. हिब्रू परंपरेत ‘यहोवा-यिरे’ या स्थलनामात हीच कल्पना येते. तेथील मूळ धातू ‘पाहणे’ या अर्थाचा आहे. जो पाहतो तोच पुरवितो, असा हा अर्थविस्तार आहे. मराठीतही एखाद्याच्या पालनपोषणाबद्दल ‘त्याच्याकडे कोण पाहणार?’ असे विचारले जाते, तेव्हा तोच अर्थ अभिप्रेत असतो. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत मात्र या सर्व कल्पनेचा भार ‘भाकर’ या एका साध्या शब्दावर येऊन पडला. त्या भाकरीला लावलेले ‘रोजची’ हे विशेषण ज्या ग्रीक शब्दाच्या जागी आले आहे, तो शब्द या प्रार्थनेबाहेर प्राचीन वाङ्मयात जवळजवळ आढळत नाही. त्यामुळे त्याचा अर्थ ‘आजच्या दिवसापुरती’, ‘येत्या दिवसाची’ की ‘जगण्यास अवश्य तेवढी’, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. ईश्वरावर भरवसा ठेवणाऱ्याने उद्याची तजवीज करावी की करू नये, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात एका स्त्रीला हा प्रश्न ग्रंथात नव्हे, तर दुष्काळात सोडवावा लागला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात दुष्काळ दोनदा आला. पहिल्या दुष्काळात त्या स्वतः उपाशी होत्या. दुसऱ्यात उपाशी मुली त्यांच्या दाराशी होत्या. या दोन प्रसंगांमधील अंतर लक्षात घेतल्याशिवाय केडगाव येथील मुक्तिसदनातील ईश्वरनिष्ठेचे स्वरूप नीट उलगडत नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न वैदिक पंडित होते. स्त्रीला संस्कृत शिकविण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे पत्नी लक्ष्मीबाई आणि धाकटी कन्या रमा या दोघींना शास्त्राभ्यासाचा लाभ झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणवाचन यांवर निर्वाह करीत देशभर फिरत राहिले. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबापाशी ना जमीन होती, ना हाताला येणारा कोणता उद्योग. रमाबाईंनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या दुष्काळविषयक आठवणींत या काळाचे वर्णन केले आहे. जवळचे द्रव्य संपेपर्यंत कुटुंबाने व्रते, उपवास, देवपूजा आणि ब्राह्मणांस दान यांत खंड पडू दिला नाही. द्रव्य संपल्यावर पात्रे गेली, मग वस्त्रे गेली. शेवटी तिरुपतीच्या परिसरातील अरण्यात अकरा दिवस केवळ पाणी, पाला आणि मूठभर रानफळे यांवर काढावे लागले. वृद्ध वडिलांनी पवित्र जलाशयात देह ठेवण्याचा निश्चय केला. त्या क्षणी थोरला भाऊ श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याची तयारी दर्शविली, आणि जलसमाधीचा बेत राहिला. तथापि वडील वाचले नाहीत. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच रमाबाईंना एका भावाखेरीज कोणी उरले नाही.

या आठवणींत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या लिहिताना रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यामुळे जुन्या उपासनेवरील त्यांची टीका धर्मांतरानंतरच्या दृष्टीने रंगलेली आहे, हे उघड आहे. परंतु त्यांचा आक्षेप केवळ उपास्य दैवताविषयी नाही. श्रम हीन मानण्याच्या संस्कारामुळे आपण उपाशी राहिलो, भीक मागण्याची लाज होती आणि काम करण्याचे ज्ञान नव्हते, हे त्या तितक्याच स्पष्टपणे नोंदवितात. अरण्यातील त्या प्रसंगात कुटुंबाला मृत्यूपासून क्षणभर तरी मागे ओढले ते भावाच्या मजुरीच्या निश्चयाने. ही जाणीव पुढे त्यांच्या श्रद्धेचा पाया बनली, असे म्हणण्यास आधार आहे.

यापुढील घटना सुपरिचित आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाहही पतीच्या निधनामुळे १८८२ मध्ये संपुष्टात आला. पदरी मनोरमा ही तान्ही कन्या होती. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताशी खरी भेट त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली, अशी त्यांची स्वतःची साक्ष आहे. वाँटेजच्या मठातील भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. नव्या धर्मातही कोणाचे मत विचाराविना मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या, हे त्यावरून दिसते.

त्यांच्या कार्याचा आरंभ मात्र ईश्वरी पुरवठ्याच्या भरवशावर नव्हे, तर मानवी हमीवर झाला. १८८७ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी अट होती. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्यावर पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. स्थानिक आधार असा तुटला होता आणि परदेशी आधाराची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. या दुहेरी अनिश्चिततेत रमाबाईंनी १८९५ च्या सुमारास पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन मिळविली. तेथे फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर संस्था चालवावी, असा त्यांचा विचार होता. म्हणजे ‘उद्याची भाकर’ त्यांनी झाडांच्या रूपाने आधीच पेरण्यास घेतली होती.

याच काळात त्यांनी ख्रिस्ती सेवकांची तीन चरित्रे व वृत्ते वाचली, असे त्या आपल्या साक्षीत सांगतात : चीनमधील अंतर्देशीय मिशनची हकीकत, जॉन पेटन यांचे चरित्र आणि जॉर्ज म्युलर यांची हकीकत. म्युलर हे मूळचे प्रशियाचे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १८३६ मध्ये त्यांनी अनाथगृह काढले आणि कोणाही माणसापाशी मागणी न करता केवळ प्रार्थनेवर ते चालविण्याचा नियम पाळला. भारतातही असा प्रयोग करणे शक्य आहे काय, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात उभा राहिला. उत्तराची निकड लवकरच आली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळाने कहर केला. असोसिएशनचे द्रव्य शारदासदनासाठी होते. दुष्काळग्रस्त मुलींसाठी कोणाचीच हमी नव्हती. तरीही रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःच्या पूर्वायुष्यातील उपासमारीच्या स्मृतीनेच आपणास स्वस्थ बसू दिले नाही, असे त्यांनी लिहिले आहे. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना तेथे ठेवणे शक्य नव्हते. केडगावच्या उघड्या माळावर छपरे उभारून त्यांची सोय करावी लागली. हीच मुक्तिसदनाची सुरुवात. पुढे गुजरातेतील दुष्काळानंतर १९०० मध्ये ही संख्या दीड हजारांच्या वर गेली.

एवढ्या जीवांच्या पोषणाचा व्यवहार कसा चालला, हे पाहिले म्हणजे येथील ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. निधी नव्हता, हमी नव्हती. परंतु रिकामा हातही नव्हता. विहिरी खणल्या गेल्या, शेती व बाग वाढली, गुरे पाळली गेली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक, छपाई असे उद्योग मुलींना शिकविले गेले. अंध स्त्रियांनाही वाचन व हस्तव्यवसाय यांचे शिक्षण मिळाले. अरण्यातील कुटुंबाला जे ज्ञान नव्हते, नेमके तेच मुक्तिसदनाने प्रत्येक मुलीच्या हाती दिले. सकाळची प्रार्थना आणि दिवसभराचे श्रम यांत रमाबाईंना विरोध वाटला नाही. ईश्वराच्या पुरवठ्यात मुलीचा हातही मोडतो, अशी ही दृष्टी होती. वडिलांची निष्ठा कमी होती म्हणून ते उपाशी मेले नाहीत; त्या निष्ठेने हाताला काम दिले नव्हते, हा खरा भेद होता.

ही निष्ठा मुकाट्याने सोसण्याचीही नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध, आपल्या संस्थेतील एका मुलीच्या निमित्ताने, रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या पत्रातून सरकारी व्यवस्थेवर जाहीर टीका केली. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे अधिकाऱ्यांना जाब न विचारणे, असा अर्थ त्यांनी केला नाही.

या इतिहासाविषयी दोन आक्षेप गंभीरपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, म्युलर काय किंवा रमाबाई काय, दोघांनीही मागणी केली नाही असे म्हणणे अपुरे आहे. म्युलर यांचे वार्षिक अहवाल छापले जात. मुक्तिसदनाचे वृत्तही इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांपर्यंत नियमाने जाई. १८९८ मध्ये रमाबाई स्वतः पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि तेथील असोसिएशनची पुनर्रचना झाली. गरज कळविणे हेही एक प्रकारचे मागणे होय. हा आक्षेप यथार्थ आहे. परंतु त्याने श्रद्धा खोटी ठरत नाही, तिचे माध्यम फक्त स्पष्ट होते. तीनशे मुली आणताना पैसा कोठून येईल हे ठाऊक नव्हते. अहवाल नंतर लिहिला गेला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. उपासमारीतून आलेल्या, सर्वस्वी परावलंबी मुलींनी अन्नदात्रीचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकाराला स्वेच्छा म्हणता येईल काय? तत्कालीन मराठी पत्रांनी हा प्रश्न कडवटपणे विचारला. कडवटपणा वगळला तरी प्रश्न शिल्लक राहतो. याचे सरसकट उत्तर देणे इतिहासकाराला शक्य नाही, कारण त्या बहुसंख्य मुलींनी स्वतःचे वृत्त लिहून ठेवलेले नाही. तसेच, दुष्काळातून आलेल्या अनेक मुली केडगावला पोचूनही वाचल्या नाहीत. त्यांच्यासाठीही प्रार्थना झालीच होती. ईश्वर पुरवितो या विधानाचा हिशेब मांडताना या मुलींना वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रमाबाईंची श्रद्धा सफलतेच्या आकड्यांवर उभी होती असे मानले, तर या मृत्यूंनी ती ढासळावयास हवी होती. ती ढासळली नाही, यावरून तिचा आधार अन्यत्र होता एवढे निश्चित होते.

अखेरच्या पर्वात याची कसोटी लागली. १९०५ च्या सुमारास रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास हात घातला. त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. पूर्वीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ आपल्यासोबत आणतात आणि खेड्यातील स्त्रीला ते कळतही नाहीत, असे त्यांचे मत होते. संस्कृत पांडित्याबद्दल ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या विदुषीने साधी मराठी जाणूनबुजून निवडावी, ही घटना भाषेच्या अभ्यासकांनी उपेक्षू नये. मजकुराची जुळणी व छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून होत होती. हे काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. संस्थेचा भार जिच्या खांद्यावर जावयाचा, ती एकुलती कन्या गेली. रमाबाईंनी भाषांतर थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, त्यापूर्वी थोड्याच काळात हे काम पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘योगक्षेम’ हा शब्द रमाबाईंना बालपणापासून ठाऊक होता. त्या शब्दातील योग आणि क्षेम या दोहोंची वाटणी त्यांच्या आयुष्यात विलक्षण झाली : मिळाले ते फारसे टिकले नाही, आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि अखेरीस कन्या, अशी एकेक जण जात राहिली. क्षेमाची खात्री ज्या श्रद्धेला हवी असते, ती येथे टिकली नसती. केडगावच्या निष्ठेने भाकरीपुरतेच मागितले, आणि ती भाकर भाजण्याचे काम मात्र स्वतःकडे घेतले. ‘रोजची’ या विशेषणाचा मूळ अर्थ आजचा की उद्याचा, याचा निर्णय पंडितांनी करावयाचा आहे. फळझाडे लावून दुपारच्या जेवणासाठी प्रार्थना करणाऱ्या त्या स्त्रियांना दोन्ही अर्थ मान्य होते.